अमेरिकन खापरपणजोबांचं मूळ गाव कसं शोधायचं?

रानजाई

नमस्कार मंडळी, इथे अमेरिकेतले बरेच जण आहेत आणि जुन्या कागदांचं वेड असलेलेही आहेत म्हणून विचारतेय. जरा मोठं झालंय, सांभाळून घ्या.

माझं सासर नेब्रास्काचं. सासरे नव्वदीला आलेत आणि त्यांनी ध्यास घेतलाय की आपल्या पणजोबांचं मूळ गाव कळायला हवं. म्हणजे माझ्या नवऱ्याचे खापरपणजोबा. घरात चालत आलेली गोष्ट अशी की ते लहानपणी आईवडिलांबरोबर जर्मनीहून आले, एलिस आयलंडवरच्या (न्यूयॉर्कला उतरणाऱ्यांच्या तपासणीचं ठाणं) अधिकाऱ्याने श्मिटचं स्मिथ करून टाकलं, मग ते सिव्हिल वॉरमध्ये उत्तरेकडून लढले आणि नंतर नेब्रास्कात सरकारी जमीन मिळाली. शेती पुढे विकली गेली.

हाताशी आहे ते एवढंच: युनिफॉर्ममधला एक फोटो (मागे काही लिहिलेलं नाही), थडग्याच्या दगडाचा फोटो ज्यावर साल धड वाचता येत नाही, आणि घरातलं जर्मन बायबल. त्यात जन्म-लग्नं लिहायची पानं असतात ना, ती नेमकी फाडलेली आहेत. आडनाव स्मिथ म्हटल्यावर ऑनलाइन शोधायला गेलं की हजारो माणसं येतात. सुरुवात कुठून करू?

अटकेपार

रानजाई, मस्त विषय काढलात. मी हे उद्योग बरीच वर्षं करतोय, माझ्या बायकोच्या माहेरचे लोक पेनसिल्व्हेनियाचे, त्यामुळे हात बसलाय थोडा.

पहिली गोष्ट, जर्मनी आत्ता पूर्ण बाजूला ठेवा. सगळे तिथेच फसतात, एकदम १८५० च्या जहाजात उडी मारतात आणि दुसऱ्याच कुणाचा तरी पणजोबा घेऊन येतात. सासऱ्यांपासून सुरू करा आणि एकेक पिढी मागे जा, प्रत्येक पिढीला कागद हवा. सासरे, त्यांचे वडील, आजोबा, मग पणजोबा.

मुख्य आधार जनगणना. दर दहा वर्षांनी, १७९० पासून. १८४० पर्यंत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आणि बाकीच्यांचे नुसते आकडे. १८५० पासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव, वय, जन्मस्थान. १८८० पासून कुटुंबप्रमुखाशी नातं काय ते लिहायला लागले आणि आईवडील कुठे जन्मले तेही. १९०० ची तर सोन्यासारखी आहे: जन्माचा महिना आणि साल, लग्नाला किती वर्षं झाली, बाईला किती मुलं झाली आणि त्यातली किती हयात, आणि बाहेरून आलेल्यांचं अमेरिकेत आल्याचं साल. तुम्ही १९०० च्या पानापासून धरा. फॅमिलीसर्च या साइटवर फुकट आहे, नुसतं खातं उघडायचं. अ‍ॅन्सेस्ट्रीला पैसे पडतात पण बऱ्याच पब्लिक लायब्रऱ्यांत तिथल्या कॉम्प्युटरवर फुकट बघता येतं.

मध्ये एक खड्डा आहे. १८९० ची जनगणना जवळजवळ सगळी गेली. जानेवारी १९२१ मध्ये वॉशिंग्टनला कॉमर्स खात्याच्या इमारतीत आग लागली, काही जळलं, बरंचसं पाण्याने भिजलं, आणि जे वाचलं होतं ते पुढे सरकारनेच निकालात काढलं. देशभरातली सहा हजारांच्या आसपास नावं उरली फक्त. पण तुमचं नशीब चांगलं, नेब्रास्कात १८८५ ला राज्याची वेगळी जनगणना झाली होती आणि ती शाबूत आहे. मोजक्याच ठिकाणी झाली ती.

खवय्या_नंदू

आपल्याकडे एका मामलेदार कचेरीत १९२१ सालचा कागद मागितला तर कारकून म्हणाला आत्ताच तर गठ्ठा बांधून ठेवला होता :) वाचतोय. येऊ द्या.

निळीशाई

अटकेपारनी एलिस आयलंडचं सोडून दिलं, ते मी घेते. रानजाई, ती गोष्ट जमत नाही गं. एलिस आयलंड उघडलं १ जानेवारी १८९२ ला. सिव्हिल वॉर १८६१ ते १८६५. तुझे खापरपणजोबा लढून, शेती करून म्हातारे व्हायला लागले तेव्हा ते उघडलं. न्यूयॉर्कला आले असले तर १८५५ नंतर कॅसल गार्डन (तेव्हाचं तपासणीचं ठाणं), त्याच्याही आधी आले असले तर थेट धक्क्यावरच उतरले असणार.

आणि अधिकाऱ्याने नाव बदललं हे अमेरिकेत घराघरात सांगतात पण तसं होत नसे. उतारूंची यादी जहाज जिथून निघालं तिथेच तयार व्हायची, इकडचा अधिकारी ती यादी समोर ठेवून माणसं तपासायचा. नावं लोकांनी स्वतःच बदलली, हळूहळू, शाळेत, दुकानात, पलटणीत. त्यामुळे एकाच माणसाचं नाव एका कागदात श्मिट, दुसऱ्यात श्मिड, तिसऱ्यात स्मिथ असं मिळेल, घाबरू नकोस. यासाठीच साउंडेक्स नावाची युक्ती आहे, आडनावाच्या उच्चारावरून एक कोड. स्मिथ आणि श्मिट दोन्हीचा कोड एकच येतो, एस-५३०. म्हणजे दोन्ही एका ढिगात सापडतात. ढीग मोठा आहे हे खरं.

खवय्या_नंदू

म्हणजे तो बिचारा अधिकारी शंभर वर्षं फुकट शिव्या खातोय!

निळीशाई

अगदी :)

आता महत्त्वाचं. रानजाई, तो युनिफॉर्ममधला फोटो हा तुझा सगळ्यात मोठा धागा आहे. उत्तरेकडून लढलेल्यांना पेन्शन होतं आणि पेन्शनच्या फायली वॉशिंग्टनला नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत. सुरुवातीला फक्त जखमी किंवा लढाईत आजारी झालेल्यांना मिळायचं, १८९० च्या कायद्याने नव्वद दिवस नोकरी केलेल्या आणि पुढे कुठल्याही कारणाने काम करता न येणाऱ्यालाही मिळायला लागलं, त्यामुळे १८९० नंतर अर्जांचा पूर आला.

या फायलींमध्ये काय नसतं! डॉक्टरांचे तपासणीचे कागद, शेजाऱ्यांच्या शपथेवरच्या जबान्या, गुडघा कधीपासून दुखतो, कुठल्या छावणीत हगवण लागली. १८९८ मध्ये पेन्शन खात्याने एक छापील प्रश्नावलीच पाठवली होती सगळ्यांना. लग्न झालंय का, बायकोचं लग्नाआधीचं पूर्ण नाव काय, लग्न कधी, कुठे, कुणी लावलं, त्याचा कागद आहे का, आधी लग्न झालं होतं का, हयात मुलं कोणती, त्यांची नावं आणि जन्मतारखा. आणि हे सगळं म्हातारबाबांनी स्वतः भरून सही करून पाठवलेलं. मी पहिल्यांदा असा कागद पाहिला तेव्हा त्या थरथरत्या सहीवरून नजर हलेना.

नवरा गेल्यावर बायकोला विधवा पेन्शन मागताना लग्न सिद्ध करावं लागायचं, लहान मुलं असली तर त्यांचे जन्म. नेब्रास्कासारख्या ठिकाणी तेव्हा जन्मदाखला कुठला? मग लोक काय करायचे, घरच्या बायबलमधली नोंदींची पानं फाडून अर्जाला जोडून वॉशिंग्टनला पाठवायचे. ती पानं आजही त्या फायलींमध्ये आहेत.

रानजाई

निळीशाई!! अंगावर काटा आला वाचताना. मी आत्ता सासऱ्यांना फोन करून सांगितलं, ते बराच वेळ गप्प होते आणि मग म्हणाले की त्यांच्या आजीला त्या फाडलेल्या पानांचा फार राग होता, कुणीतरी पोरांनी फाडली असं तिला वाटायचं. ही फाइल मागवायची कशी? सगळ्यांची ऑनलाइन असते का?

अटकेपार

विधवांच्या काही आहेत, बाकी बहुतेक नाहीत. आधी इंडेक्स कार्ड शोधा, ते फॅमिलीसर्चवर आहे. कार्डावर शिपायाचं नाव, विधवेचं नाव, पलटण, अर्जाची तारीख आणि नंबर, आणि कुठल्या राज्यातून अर्ज केला ते असतं. स्मिथ शेकड्याने येतील, पण राज्य नेब्रास्का आणि बायकोचं नाव १९०० च्या जनगणनेशी जुळलं की झालं. मग तो नंबर घेऊन आर्काइव्हजला एनएटीएफ-८५ हा फॉर्म ऑनलाइन भरायचा. फी बऱ्यापैकी आहे पण प्रत्येक पानाची कॉपी येते. कुणी जवळपास राहणारं असेल तर तिथे जाऊन स्वतः फोटो काढता येतात.

फक्त बायबलचं पान असेलच असं धरून चालू नका. मुलं मोठी झाली असली आणि चर्चचा लग्नाचा दाखला मिळाला असला तर पानाची गरजच पडली नसेल.

देवरुखकर

इतकी धडपड वाचून आपलं बरं वाटतं. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापलेला आहे, मागच्या कित्येक पिढ्या. त्र्यंबकेश्वरला गेलो तर तीर्थोपाध्यायांनी वही काढून आजोबांची सही दाखवली. अमेरिकेत असं काही हवं होतं.

आवळेजाई

देवरुखकर, त्या वृत्तांतात तुमच्या पणजीचं माहेरचं नाव आहे का हो? आमच्याकडच्या वंशावळीत पुरुषांची नावं पंधरा पिढ्या आणि बायका सगळ्या गायब. लेक असली तर "कन्या १" एवढंच. इथे निदान पेन्शनवाले बायकोचं माहेरचं नाव विचारत तरी होते.

देवरुखकर

आमच्या नव्या आवृत्तीत मुली आणि त्यांची सासरं घातली आहेत. जुन्यात नाहीत हे मान्य.

निळीशाई

आवळेजाई, इथेही बायका हरवतातच, लग्न झालं की आडनाव गेलं. पण शोधायच्या वाटा आहेत. १८८० च्या जनगणनेतले शेतीचे वेगळे तक्ते बघा, प्रत्येक शेतकऱ्याच्या नावापुढे किती एकर, किती गाई, किती कोंबड्या, वर्षात किती अंडी आणि घरी किती पौंड लोणी काढलं. नाव नवऱ्याचं, पण ते लोणी आणि ती अंडी कुणी सांभाळली हे सांगायला नको. मला तो लोण्याचा रकाना फार आवडतो.

मोगरा_७

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. माझी सून आफ्रिकन अमेरिकन, जॉर्जियाची. नातवाच्या शाळेत फॅमिली ट्री करायला सांगितलं होतं. माझ्याकडचे पणजोबा वगैरे आम्ही लिहून टाकले पण सुनेच्या बाजूला १८७० च्या मागे सगळं थांबलं. अटकेपारनी वर लिहिलंय "प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव", त्यातला स्वतंत्र हा शब्द वाचून थांबले मी. १८५० आणि १८६० ला गुलामांची यादी वेगळी होती, मालकाचं नाव आणि त्याखाली वय, बाई की पुरुष, आणि वर्ण. नाव नाही. माणसांची नावं पहिल्यांदा येतात ती १८७० ला. नातू विचारतो आजी त्यांना नाव नव्हतं का. काय सांगायचं त्याला?

अटकेपार

मोगराताई, नाव होतं, लिहिणाऱ्यांनी लिहिलं नाही, हेच सांगा त्याला.

पण तिथे थांबू नका. युद्धानंतर फ्रीडमन्स ब्यूरो होता, मुक्त झालेल्या गुलामांसाठीचं सरकारी खातं, त्याचे कागद १८६५ ते १८७२ चे, त्यात मजुरीचे करार, लग्नं, शाळा, सगळं. दुसरं म्हणजे फ्रीडमन्स बँक, १८६५ ला निघाली आणि १८७४ ला बुडाली, गरिबांचे पैसे गेले, पण खातं उघडताना क्लार्क आईवडील, भावंडं, बायको-मुलं आणि कित्येकदा जुन्या मालकाचंही नाव लिहून घ्यायचा. सव्हाना, ऑगस्टा, अटलांटा इथे शाखा होत्या. दोन्ही फॅमिलीसर्चवर फुकट. कुणी काळ्या पलटणीत भरती झालं असेल तर त्यांच्याही पेन्शन फायली आहेत, आणि त्यात लग्नाचा कागद नसल्यामुळे विधवेला त्याच वाडीवर राहिलेल्यांच्या साक्षी द्याव्या लागल्या, म्हणजे गुलामीतल्या कुटुंबांची नावं त्या साक्षींमध्ये येतात. त्याच्या मागे जायचं तर मालकाच्या मृत्युपत्रात आणि इस्टेटीच्या यादीत शोधावं लागतं, गाई-घोड्यांच्या यादीत माणसांची नावं आणि पुढे किंमत. वाचायला फार जड जातं, नातू जरा मोठा झाल्यावर बघा.

मोगरा_७

धन्यवाद. सुनेला पाठवलं. बँकेचं तिला माहीत नव्हतं.

सह्यकडा

एक वेगळा मुद्दा मांडतो, रानजाईंनी राग मानू नये. "सरकारी जमीन मिळाली" असं सहज लिहिलंय. ती सरकारची झाली कशी? नेब्रास्कात पॉनी जमातीचे मूळ रहिवासी होते, त्यांना १८७० च्या दशकात आजच्या ओक्लाहोमात हलवलं. बिग ब्लू नदीवर ओटो-मिसूरिया लोकांची राखीव जमीन होती, तीही विकायला लावून १८८१ ला त्यांना तिकडेच धाडलं. घराण्याचा इतिहास लिहायचाच असेल तर आपल्या एकशेसाठ एकरांवर (सरकारी जमीन एवढी मिळायची) आधी कोण होतं ते पहिल्या पानावर यायला हवं.

टेक्सासचे_काका

अहो, त्या म्हाताऱ्या सासऱ्यांना पणजोबांचं गाव हवंय, तुम्ही कुठे नेताय! लहानपणी आईवडिलांबरोबर आलेल्या जर्मन शेतकऱ्याने काय पॉनींना हाकललं का?

रानजाई, सरळ डीएनए टेस्ट करा, नळीत थुंकायचं आणि सहा आठवड्यांत उत्तर.

सह्यकडा

काका, हाकललं असं म्हटलंच नाही मी. त्याला ती एकशेसाठ एकर मिळाली कारण दुसऱ्या कुणाकडून गेली. दोन्ही त्याच जागेचा इतिहास.

रानजाई

सह्यकडा, राग कसला. बरोबर बोललात. सासऱ्यांच्या लहानपणी शेतात नांगराला दगडी बाणाची टोकं लागायची, त्यांनी डब्यात जपून ठेवलीत. मी विचारीन त्यांना.

निळीशाई

जमिनीचा विषय निघालाच आहे तर. होमस्टेड कायदा १८६२ चा, एकशेसाठ एकर, पाच वर्षं राहून कसायची, मग मालकी. अगदी पहिल्या नोंदींपैकी एक १ जानेवारी १८६३ ला झाली, नेब्रास्कातच, ती जमीन बीट्रिसजवळची, आता तिथे नॅशनल पार्क सर्व्हिसचं स्मारक आहे, सासऱ्यांना गाडीने नेता येईल. १८७२ पासून युद्धात घालवलेला काळ त्या पाच वर्षांतून वजा करून मिळायचा.

ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या साइटवर नाव आणि काउंटी टाकली की जमिनीचं पेटंट (मालकीचा सरकारी कागद) दिसतं, फुकट. पण खरी मजा पूर्ण फायलीत. पाच वर्षांनी दोन साक्षीदार घेऊन जबानी द्यायची: घर कसलं, किती बाय किती, खिडक्या किती, विहीर खणली का, किती एकर नांगरले, झाडं किती लावली. आणि परदेशात जन्मलेला असेल तर नागरिकत्वाच्या कागदाची नक्कल जोडलेली असते. १९०६ आधी नागरिकत्व कुठल्याही कोर्टात मिळायचं, त्यामुळे कुठल्या कोर्टात शोधायचं हाच प्रश्न पडतो, तो या फायलीने सुटतो.

काका, डीएनएबद्दल: खापरपणजोबांचा वाटा सरासरी सव्वासहा टक्के. टेस्ट गाव सांगत नाही, दूरचे भाऊबंद दाखवते. ते भाऊबंद कोण हे जुळवायला कागदच लागतात. करायचीच तर सासऱ्यांची करावी, नवऱ्याची नाही, ते एक पिढी जवळ आहेत.

टेक्सासचे_काका

सासऱ्यांची करावी हे पटलं. त्यांना आवडेल का ते आधी विचारा मात्र.

नगरी_बाणा

आमच्याकडे हाच धागा उलटा येतो. अमेरिकेतून लोक नगरला पूर्वज शोधत येतात! अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ ला मुंबईला उतरले, नगरला ठाणं १८३१ पासून. सिंथिया फरार बाई १८२७ ला मुंबईत आल्या, पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ ला नगरलाच वारल्या. या लोकांची पोरं इथे जन्मली, काही इथेच पुरली गेली, काही शिकायला न्यू इंग्लंडला पाठवली आणि पुन्हा इकडेच आली. तेव्हा अमेरिकेतल्या जनगणनेत कुणाचं जन्मस्थान "इंडिया" दिसलं तर चूक समजून पुढे जाऊ नका. मिशनची पत्रं हार्वर्डच्या हॉटन लायब्ररीत आहेत आणि "मिशनरी हेरल्ड" मासिकात कितीतरी छापून आलीत. मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे आणि दफनं लंडनला ब्रिटिश लायब्ररीत बघायची.

खवय्या_नंदू

नगरला पणजोबा शोधायला येणाऱ्यांना खव्याचे पेढे मिळतात का विचारून सांगा, मीही एखादा अमेरिकन पूर्वज शोधतो.

रानजाई

मंडळी, अपडेट!! १९०० च्या जनगणनेत सापडले. बायकोचं नाव जुळलं, मुलांमध्ये सासऱ्यांचे आजोबा आहेत. तिला नऊ मुलं झाली होती आणि हयात सहा, असं लिहिलंय. घरात कुणालाच त्या तीन बाळांबद्दल माहीत नव्हतं. सासूबाई उठून आत गेल्या.

मग १८८५ चं नेब्रास्काचं पान मिळालं, आणि पेन्शनचं कार्डही, त्यावर विधवेचं नाव तेच. पलटण विस्कॉन्सिनची नववी इन्फंट्री. पण आमच्या घरात विस्कॉन्सिनचं नावही कधी कुणी घेतलेलं नाही, मग हे तेच का?

आणि ऑनलाइन एकाने या माणसाची वंशावळ चढवलीय, सरळ बाराव्या शतकातल्या सरदारापर्यंत. ती घेऊ का?

अटकेपार

ती वंशावळ अजिबात घेऊ नका. कागद जोडलेला नसेल तर ती गोष्ट आहे, आणि एकाने चढवली की पाचशे जण कॉपी करतात.

विस्कॉन्सिन मात्र छान जुळतंय. नववी ही जर्मन पलटण होती, १८६१ ला उभी राहिली, मिसूरी-आर्कान्सात लढली, १८६४ ला जेंकिन्स फेरीच्या लढाईत होती. युद्धानंतर विस्कॉन्सिनहून नेब्रास्काला सरकणारी खूप कुटुंबं. राज्याने १८८६ मध्ये सगळ्या शिपायांचं रोस्टर, म्हणजे नामावली, छापलंय, त्यात भरती होताना माणूस कुठल्या गावात राहत होता ते दिलंय. ते गाव घ्या आणि १८६० च्या जनगणनेत त्याच गावात आईवडील शोधा. तिथे जन्मस्थान प्रशिया, हॅनोव्हर, बाडेन असं काहीतरी असेल. जर्मनी हा एक देश १८७१ ला झाला.

निळीशाई

आणि त्या गावातलं जर्मन लुथरन किंवा कॅथलिक चर्च शोध. सरकारी कागदात प्रशिया एवढंच असतं, पण पाद्री लोक लग्नाच्या किंवा दफनाच्या नोंदीत जर्मनीतलं नेमकं खेडं लिहायचे. ते खेडं मिळालं की मायर्सच्या गॅझेटियरमध्ये (जर्मन गावांचा जुना कोश) त्याचं चर्च कुठलं ते बघायचं, आणि मग जर्मन चर्चच्या वह्या ऑनलाइन, कॅथलिक असतील तर मॅट्रिकुला ही साइट, प्रॉटेस्टंट असतील तर आर्किऑन. जहाजाच्या यादीमागे फार लागू नकोस, हॅम्बुर्गच्या याद्या १८५० पासून आहेत पण ब्रेमेनच्या त्या काळातल्या नष्ट झाल्यात.

रानजाई

पेन्शन फाइलचा फॉर्म भरून टाकला, पैसे सासऱ्यांनी हट्टाने स्वतः दिले. रोस्टरमध्ये गाव मिळालं, तिथलं लुथरन चर्च अजून चालू आहे! त्यांना ईमेल केली तर सेक्रेटरी बाईंनी दुसऱ्याच दिवशी १८५० च्या दशकातल्या वहीच्या दोन पानांचे फोटो पाठवले. पण ते जुनं जर्मन हस्ताक्षर नुसत्या टोकदार रेघा दिसतात, नवऱ्याला कॉलेजात जर्मन होतं तरी एक शब्द लागेना.

निळीशाई

ते कुरेंट. शाळेतल्या जर्मनचा उपयोग नाही, अक्षरंच वेगळी, त्यात ई आणि एन सारखेच दिसतात. मला सावकाश वाचता येतं. दोन्ही पानं पूर्ण टाक, कडा न कापता, कारण गावाचं नाव कित्येकदा समासात लिहिलेलं असतं. आणि शक्य असेल तर आधीचं एक पान पण मागून घे, त्याच पाद्र्याची अक्षरं जुळवायला लागतील.

रानजाई

टाकतेय. वरून तिसरी ओळ बघ, तिथे आडनावासारखं काहीतरी वाटतंय.